जास्तीचा एक

मी बोलतेय ती एका सिस्टरच्या, म्हणजे नर्सच्या, कपाळामागून. मेंदूच्या पुढच्या भागातली एक पेशी आहे मी. असेन डोळ्यांना न दिसण्याएवढी लहान, पण कामात कोणाला हार जाणार नाही. महत्त्वाचं ते धरून ठेवायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं, हीच माझी आणि माझ्या शेजारणींची नोकरी.

सिस्टर लहान होती तेव्हा आम्ही अगदीच कच्च्या होतो. दारातून मांजर गेलं तरी तिचा पाढा अडायचा. आम्हाला अक्कल यायला तिची पंचविशी उजाडावी लागली. आता ती ऑपरेशन थिएटरमध्ये असते.

तिथला नियम असा, की रक्त टिपायला जेवढे कापडी पॅड घेतले तेवढे फळ्यावर लिहायचे आणि टाके घालण्याआधी बाहेर आलेले सगळे दोघी सिस्टरनी मोठ्याने मोजायचे. एक जरी पोटात राहिला तरी पेशंटच्या जिवावर बेततं.

आज पोट उघडलं आणि अचानक रक्त उसळलं. फळ्यावर लिहिणारी धाकटी सिस्टर रक्ताची पिशवी आणायला धावली होती. माझ्या सिस्टरने एक सुटा पॅड घाईघाईने डॉक्टरांच्या हातात दिला. ‘ती आली की लिहायला सांगते,’ असं मनात म्हणाली आणि ते ओझं माझ्यावर आलं. जास्तीचा एक.

पुढे चाळीस मिनिटं मी तो धरून होते. सोपं नव्हतं हो. तिच्या आईच्या गाठीचा रिपोर्ट आजच यायचा होता आणि तो विचार सारखा मध्ये घुसत होता. त्यात डॉक्टर आपल्या मेहुण्याच्या नव्या गाडीचं पुराण लावून बसलेले. धाकटी परतली, पण सांगायचं राहूनच गेलं. एकदा तर माझी पकड सुटलीच. माझी पाचावर धारण बसली. शेजारणीने तेवढ्यात सांभाळून घेतलं.

दोघींनी मोजलं.

“वीस. फळ्यावरही वीस,” धाकटी म्हणाली. “जुळलं.”

डॉक्टरांनी सुई मागितली.

आता फळ्याला कोण खोटं म्हणणार? मी जीव खाऊन ओरडत राहिले. सुई देणारा सिस्टरचा हात थांबला.

“डॉक्टर, थांबा. एक आत राहिलाय.”

“अहो, मोजणी जुळली ना?”

“जुळली. पण एकवीस हवेत. एक मी सुटा दिला होता, तो लिहायचा राहिला. चूक माझी आहे.”

“नक्की?”

चौदा वर्षांची नोकरी आणि पुरावा म्हणून फक्त मी. क्षणभर मलाच माझी खात्री वाटेना.

“नक्की,” ती म्हणाली.

डॉक्टरांचा हात आत गेला. बराच वेळ आतच होता. मग आतड्यांमागून त्यांनी रक्ताने भिजलेला बोळा ओढून काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. गाडीचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

‘लक्ष दे’ म्हणायला माणसांचं काय जातं? ते धरताना आमचा जीव मेटाकुटीला येतो. कोणी मोजत असेल तर तेवढा वेळ गप्प बसा, एवढंच मागणं आहे.

आता ती हात धुतेय. आईचा विचार पुन्हा आलाय. त्याला अडवायचं त्राण माझ्यात नाही आणि खरं सांगू, मनही होत नाही. मी बाजूला सरलेय. जा बाई, फोन कर. रडायचं असेल तर रड.