यानावरची तार

ताईच्या घराचं छत गळायला लागलं. दुरुस्तीवाल्याने वर पाहिलं, जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं आणि म्हणाला, "महिनाभर धरून चाला." मग ताईने बॅग भरली आणि धाकट्या भावाकडे मुक्काम हलवला.

भाऊ एकटाच राहायचा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या आणि घरी आल्यावर सिनेमाच्या फ्रेमांत डोकं खुपसायचं, हा त्याचा नेम. ताईच्या मुलांनी लहानपणीच त्याला फ्रेम्यामामा म्हणायला सुरुवात केली. पुढे मामा गळून पडला आणि सगळ्या घराला तो फ्रेम्या झाला.

पिक्चर मात्र त्याचं एकच. दोघा भावंडांनी लहानपणी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिलेलं. एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे बियाणं घेऊन निघालेलं यान आणि त्यात एकटी जागी असलेली कप्तान. ते पिक्चर साफ पडलं होतं. लोकांना काही कळायचं नाही या धास्तीने निर्मात्यांनी त्यातले शांत प्रसंग कापले आणि वरून एक निवेदक आणून बसवला.

"कप्तान खिडकीशी उभी राहिली की हा बोललाच, 'तिला घराची आठवण येत होती.' अरे, दिसतंय की आम्हाला! आम्ही काय डोळे घरी ठेवून आलोय?" फ्रेम्या आजही चिडायचा.

कापलेल्या प्रसंगांसकट पूर्ण पिक्चर टीव्हीवर एकदाच लागलं होतं आणि कुणीतरी ते टेपवर उतरवून ठेवलं होतं. दुकानात मिळणाऱ्या डिस्कवर चित्र आरशासारखं स्वच्छ, पण पिक्चर अपुरं. टेपवर पिक्चर पुरं, पण चित्र धुक्यातून पाहिल्यासारखं, आणि निवेदक तिथेही होताच. या दोहोंना जोडून निवेदकाशिवायचं, मुळात होतं तसं पिक्चर उभं करायचं आणि आपल्यासारख्या वेड्यांना नुसतं वाटायचं, विकायचं नाही, असा फ्रेम्याचा उद्योग चालला होता. ताईला तो आजवर पोरखेळ वाटत आला होता. केस पिकायला लागले तरी याचं यान काही जमिनीवर उतरत नाही, असं ती नातेवाइकांत हसत सांगायची.

पण एका घरात राहायचं म्हटल्यावर माणूस किती वेळ पाठ फिरवून बसणार? दुसऱ्याच संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर कप्तानचा चेहरा होता, अर्धा डिस्कवरचा, अर्धा टेपवरचा. एक गाल निळसर, दुसरा पिवळट. फ्रेम्या एकेक रंग केसाएवढा सरकवत होता. हळूहळू दोन्ही गाल एकाच बाईचे झाले. मधली रेघ कुठे गेली ते ताईला शोधूनही सापडेना.

"हे तू प्रत्येक प्रसंगाला करतोस?"

"प्रत्येक तुकड्याला. दिवा बदलला की रंग बदलतो ना."

ताईने जवळची खुर्ची ओढून घेतली, आणि तिच्या हातातला चहा तसाच गार झाला.

ताई संगीत शिकवायची. तीस-तीस मुलांच्या कोरसमध्ये बेसूर कोण ते तिला पाठमोरं असतानाही कळायचं. त्यामुळे टेपवरचा प्रसंग सुरू झाल्याबरोबर ती म्हणाली, "ही अशी का बोलतेय? घसा आवळल्यासारखी?"

"टीव्हीवर पिक्चर जरासं पळवून दाखवायचे, म्हणून आवाज चढतो. मी वेग उतरवलाय की."

"उतरवलास, पण पुरता नाही. डिस्कवरच्या आवाजापेक्षा अजून चढाच आहे. टेप उतरवणाऱ्याचं यंत्रही घाईत असणार."

फ्रेम्याने तिच्याकडे पाहिलं, मग वेग आणखी थोडा उतरवला. "अजून," ताई म्हणाली. "अजून. बास!" कप्तान बोलली, आणि लहानपणी अंधाऱ्या थिएटरात ऐकलेला तो खोल, संथ आवाज खोलीत आला. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली.

त्या दिवसापासून दोघांची जोडीच जमली. निवेदकाला हाकलायचं काम सगळ्यांत अवघड होतं, कारण त्याचं बोलणं संगीतावर चिकटून बसलं होतं. त्याला उचलावं तर संगीताचं कातडंही सोलून निघायचं. फ्रेम्याने त्यावर युक्ती काढली होती. याच पिक्चरची दुसऱ्या भाषेतली प्रत त्याने मिळवली. तिच्यातला निवेदक वेगळ्या ठिकाणी श्वास घ्यायचा. एक गप्प झाला की त्याच्याखालचं संगीत घ्यायचं, दुसरा गप्प झाला की त्याच्याखालचं, आणि तुकड्याला तुकडा शिवायचा. अशी त्याने जवळजवळ सगळी गोधडी शिवत आणली होती. पण एके ठिकाणी दोन्ही निवेदक हट्टाने एकाच वेळी बोलत होते. तिथे त्याने हात टेकले होते.

ताईने तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. मग डोळे मिटून पुढचं सगळं पिक्चर नुसतंच ऐकत बसली.

"हीच ओळ पुढे येते," ती अचानक म्हणाली. "यान वळतं तिथे. फक्त एक सूर खाली. तिथून उचल आणि वर चढव."

त्याने उचलली, चढवली, बसवली. निवेदक शेवटचा गप्प झाला. कप्तान खिडकीशी उभी राहिली, आणि ती का उभी आहे हे कुणीही सांगितलं नाही. ताईचे डोळे भरून आले. "पोरखेळ म्हणत होते रे मी," ती पुटपुटली.

"पोरखेळच आहे," फ्रेम्या म्हणाला. "पण पोरं खेळताना किती मन लावतात!"

आता अडलं होतं ते एका तारेपाशी. यान बंदराला लागतं तो प्रसंग पिक्चरचा प्राण होता. डिस्कवरचं चित्र इतकं स्वच्छ, की यानाची छोटी प्रतिकृती ज्या तारेला टांगली होती ती चमकताना दिसायची. पुसायची म्हटली तर ते फ्रेम्याच्या हातचा मळ होतं. पण तो पुसायला तयार नव्हता. या पिक्चरच्या वेड्यांच्या मंडळात यावरून दोन तट पडले होते आणि इंटरनेटवर रोज एकमेकांची डोकी फुटत होती.

"कुणीतरी हातांनी बांधलीय ती," तो म्हणायचा. "मी कोण मिटवणारा?"

"मग ज्याने बांधली त्यालाच विचार."

फ्रेम्या हसला, पण दुसऱ्या दिवसापासून शोधाला लागला. मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीतून पत्ता लागला. यानाची प्रतिकृती बनवणारे कारागीर हयात होते, सुनेकडे राहत होते, रविवारी सकाळी या म्हणाले.

सुनेने दार उघडलं. "बाबा सकाळपासून दाढी करून बसलेत," ती हळूच म्हणाली. "त्या पिक्चरचं नाव काढलं की एरवी उठून जातात. आज काय झालंय कोण जाणे."

आजोबा खिडकीजवळ बसले होते. बारीक अंगाचे, पण हाताचे पंजे मोठे. फ्रेम्याने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतः उभाच राहिला. पेपर तपासायला दिलेल्या मुलासारखा तो दिसत होता. यान अंधारातून पुढे आलं, बंदराचे दिवे लागले. आजोबा वाकून बघत होते. आणि मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"दिसली! मेली आजही दिसली!"

"काय, आजोबा?"

"तार! अरे, काळा रंग दिला होता मी तिला. दिव्यांच्या उष्णतेने पापुद्रे सुटले. म्हटलं, थांबा, पुन्हा रंगवतो. तर म्हणे वेळ नाही, कुणाला दिसणार आहे! थिएटरात बसलो आणि मला दुसरं काही दिसलंच नाही. एवढं मोठं यान केलं, बायकोच्या शिलाई मशीनचे जुने भाग लावले, दिवे लावले, आणि बघतो काय, तर तार."

फ्रेम्याने चाचरत सांगितलं की ती पुसता येते, पण त्याने मुद्दामच ठेवलीय. तुमच्या हातचं काम आहे, त्याला धक्का कसा लावू?

आजोबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "पोरा, तार लपवणं हेच माझं काम होतं. ते अर्धं राहिलं. तुझ्याकडे रबर आहे आणि तू माझी पूजा करत बसलायस?"

ताईला हसू आवरेना. फ्रेम्या कानापर्यंत लाल झाला, पण मग तोही हसला आणि तिथेच, जेवणाच्या टेबलावर, कामाला बसला. आजोबांनी खुर्ची इतकी जवळ ओढली की त्यांचं नाक पडद्याला लागायचं बाकी राहिलं. एक फ्रेम पुसली, दुसरी पुसली.

"हळू. तिथे तारा होता," आजोबा म्हणाले. "तारेच्या मागे. काळ्या कापडाला मी दाभणाने भोकं पाडली होती, मागे दिवे लावले होते. तिथला तारा तू पुसलास."

फ्रेम्याने शेजारचा तारा घेऊन तिथे लावला.

"एवढा मोठा नको. बारीक दाभण होतं ते."

सुनेने दोनदा चहा आणला. ताईने दोन्ही वेळा कपबश्या उचलून बाजूला ठेवल्या. एक डोकं पांढरं, एक अर्धं पिकलेलं, दोन्ही एका छोट्याशा ताऱ्यावर वाकलेली. कुणाच्या घरी बसून टाळ्या वाजवाव्यात असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

दुपार कलताना प्रसंग पुरा झाला. फ्रेम्याने तो सुरुवातीपासून लावला. यान कशाच्याही आधाराशिवाय अंधारातून आलं, वळलं, बंदराला लागलं. आजोबा मागे टेकले.

"सूनबाई, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "हे यान मी केलंय. बैस, तुला सबंध पिक्चर दाखवतो."

सूनबाई पदराला हात पुसत आली. फ्रेम्याने पिक्चर पहिल्यापासून लावलं आणि आजोबांनी खुर्ची जराशी सरकवून तिला जागा करून दिली.