वेगळं पान

कुंडलिकने टहाळाची शेवटची मोळी शेताच्या कोपऱ्यात उपडी केली आणि फांद्या पायाने सारख्या पसरल्या. खाली शेणाचा थर होता. वर गवत, पाचोळा आणि सगळ्यावर माती. सुंदरा घमेल्यातून मूठमूठ माती टाकत होती. थरांचा हा राब भाजला की या भाजलेल्या जमिनीतच भाताचं रोप धरायचं.

"मास्तरीणबाई, ढेकळं नको टाकू. आग दबंल."

"तुमी शाळेत असता तर पोरी पळून गेल्या असत्या, बाबा."

"पळतील कुठं? मुरबाडची शाळा. माळशेजच्या घाटात जातील नि वाघ बघून परत येतील."

ती हसली. सुट्टी लागली की ती शेणव्याला घरी यायची आणि दोन दिवसांत तिची बोली पुन्हा घरची होऊन जायची.

कुंडलिकने वाऱ्याचा अंदाज घेतला आणि वाऱ्याच्या उलट अंगाने राब पेटवला. भडका उडता कामा नये, आग खालच्या खाली सरकत जायला हवी. बांधावर बसून तो बराच वेळ धुराकडे पाहत राहिला.

दुपारी तिने त्याला पडवीत वाढलं. पळसाची पत्रावळ, तिच्यावर भात, सुक्या बोंबलाची आमटी. पाणी तिने वरून ओतलं, भांडं त्याच्या भांड्याला लागू न देता. मग आत चुलीपाशी स्वतःचं ताट घेतलं आणि बोलता यावं म्हणून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसली.

"पुस्तकात काय चाललंय?" त्याने बाहेरून विचारलं.

"एक माणूस घरी जायला निघालाय. चालत."

"पोचला?"

"नाय अजून."

"मग उद्या सांग."

जेवण झालं तशी त्याने पत्रावळ स्वतः उचलून उकिरड्यावर टाकली, बसल्या जागेवर शेणाचा हात फिरवला आणि हात धुऊन पुन्हा शेताकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधाशी आडवा पडलेला सापडला. आग विझली का, ते पाहायला गेला असावा. डोळे मिटलेले होते. राख अजून कोमट होती.

दहा वर्षांपूर्वी, छत्तीस साली, जंगलच्या शिपायाने राखीव जंगलात तोडलेल्या सागाचा टहाळ पकडला. ऐनाच्या फांद्या त्या साली पुरल्या नव्हत्या आणि राबावाचून रोप होत नाही, म्हणून शेणव्यातल्या प्रत्येक घराने साग तोडला होता. शिपायाला एक नाव हवं होतं. रात्री देवळापुढे माणसं बसली आणि कुंडलिकने गुन्हा अंगावर घ्यावा असं ठरलं. दंड गावाने मिळून भरायचा होता. शहापूरच्या कचेरीत निकाल लागला त्या दिवशी लावणीची घाई होती. दंड घेऊन कोणीच गेलं नाही. दंड नाही तर कैद. कुंडलिक महिनाभर ठाण्याच्या तुरुंगात राहून आला.

परत आला तेव्हा पंचांनी सांगितलं की तो तुरुंगात कुणाच्याही हातचं जेवला आहे. चारचौघांत नारळ घेऊन 'चुकलं' म्हणावं, जातीला जेवण घालावं, मग पंगतीत यावं. कुंडलिक ऐकून घेऊन उठला. त्याने 'नाही' म्हटलं नाही आणि 'चुकलं'ही म्हटलं नाही. त्या दिवसापासून तो घरातही वेगळा जेवू लागला, बायकोला आणि मुलीला कुणी बोल लावू नये म्हणून. तरी वैशाखरे गावच्या माणसांनी सुंदराची ठरलेली सोयरीक मोडली. ती फायनलची परीक्षा पास झाली, मुरबाडला मास्तरीण झाली आणि एका खोलीत पुस्तकांबरोबर राहू लागली. आई गेली तेव्हा सगळं गाव खांद्याला आलं. कुंडलिक सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून चालला.

"बोलायचं नाय गो," तो तिला एकदाच म्हणाला होता. "गावात राह्यचं हाय."

ती बोलली नव्हती. गावापाशी नाही आणि त्याच्यापाशीही नाही. मुरबाडच्या खोलीत मात्र तिने 'चुकलं' हा एक शब्द त्याच्या वतीने कितीदा मनात म्हणून पाहिला होता. एवढा एक शब्द त्याने म्हटला असता तर, असंही तिला वाटलं होतं.

आता अंगणात माणसं आली होती. बांबू आणून ठेवले होते, पण तिरडी बांधायला कोणी हात लावत नव्हतं. शेजारची रखमी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"येक सबूद बोल नि सोडव त्याला, बाय माझे. ऊन चढाय लागलं."

पंचांपैकी चांगो आता म्हातारा झाला होता. तो काठी टेकत पुढे आला.

"सुंदरा, जेवण नको, काय नको. आमी काय राक्षस हाव? कुंडलिक नि मी एका नांगरामागं वाढलो. तू नुसता नारळ हातात घे नि बापाच्या वतीनं म्हण, चुकलं. सगळे खांदा देऊ."

त्याने नारळ पुढे केला. तिने घेतला. रखमीने सुटकेचा श्वास टाकला. दोघे जण बांबूंपाशी खालीही बसले.

सुंदराने पडवीकडे पाहिलं. बापाला तिथेच ठेवलं होतं, शेणाने सारवलेल्या त्याच्या जागेवर. आत घेण्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"टहाळ एकट्या बाबांचा नव्हता," ती म्हणाली. "तुमचा होता, चांगोकाका. रखमीकाकी, तुझा होता. आमचापण होता."

"आता ते कशाला गो?" चांगो हलकेच म्हणाला. "मेलेला माणूस पुढ्यात हाय."

"म्हणूनच. ते तुमच्या वाटचा भात तुरुंगात जेवले. नि घरी आल्यावर आपण त्यांना वेगळं वाढलं. मी काल दुपारी वाढलं."

बांबूंपाशी बसलेल्यांनी सुंभ जमिनीवर ठेवला.

सुंदरा पडवीची पायरी चढली. तिने बापाचा थंड हात आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातातला नारळ अंगणाकडे धरला.

"म्हणायचंच हाय ना? मग या, सगळ्यांनी हात लावा. मी आधी म्हणते."

तिने अंगणाकडे पाठ केली.

"चुकलं, बाबा."