थाळीतलं पिवळं पाणी

"पुष्पा, शामचे डोये पिवळे दिसून राह्यले मले," शेजारच्या लालीबाई दारातून म्हणाल्या. पुष्पा लेकीला भरवत होती. "उन्हातून कापूस वेचून येते ना माणूस, काकू. असेच दिसतात," म्हणत तिनं नवऱ्याबद्दलचं ते बोलणं झटकून टाकलं.

मित्रांनो, कोनाड्यातून मी ते ऐकलं. मला तोंड असतं, तरी मी लालीबाईंची बाजू घेतली नसती. मी एक जुनी काशाची थाळी आहे, आणि तेव्हा मला माझ्या नावाचा फार गर्व होता.

पुसदच्या कासाराकडून सुखीबाईंच्या लग्नात मी फुलसावंगीजवळच्या या तांड्यात आले. त्यांचे मालक भावसिंग कावीळ उतरवत. रानातल्या एका झाडाच्या सालीचा रस रोग्याच्या हातांना चोळायचा आणि माझ्यातल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी हळदीसारखं होई. "पाह्य, निघून राह्यली," ते म्हणत. असे तीन रविवार. दर वेळी रस थोडा कमी, पाणी थोडं फिकं. भावसिंग कुणाला फसवत नव्हते, त्यांचाही विश्वास होता. पुष्कळ जण आपोआप बरे होत आणि नाव माझं होई. सुखीबाई मला चिंचेनं घासून लख्ख ठेवत.

त्यांची सून पुष्पा पुसदला इतिहास शिकलेली. तिची कॉलेजची वही माझ्या शेजारीच असे. दुपारी ती नवऱ्याला त्यातलं वाचून दाखवी. जुने ग्रीक वैद्य मानत, शरीरात चार रस असतात आणि पिवळं पित्त रक्तात उतरलं की कावीळ होते. कुणी म्हणे, यकृतातून पित्त जायची वाटच तुंबते. ते डोळ्यांचा पांढरा भाग पाहत, लघवीचा रंग पाहत, उजव्या बरगडीखाली हात दाबत.

"तुह्या ग्रीकायकडं थाळी नव्हती वाट्टे?" शाम हसायचा.

"नव्हती. म्हणून तर डोळे पाहायचे."

त्या हंगामात कापसाला भाव नव्हता. भाव चढेल म्हणून कापूस घरातच छताला टेकलेला. पडून राहिला की तो पिवळा पडतो. म्हणून रोज सकाळी मूठभर कापूस दारात, उजेडात नेऊन सगळे पाहत. शामला मात्र कुणी दारात नेलं नाही.

आधी ताप आला, मग अन्न नकोसं झालं. भावसिंगांनी दोन रविवार त्याचे हात धुतले. तिसऱ्या रविवारी पाणी जवळपास पांढरंच राहिलं. "उतरली," ते म्हणाले. शाम तिथेच बसल्या बसल्या पेंगला. पुष्पानं लेक त्याच्या मांडीवर दिली. "हिचं नाव काय, सांगा बरं." त्याला आठवेना.

तिनं त्याला धरून दारात आणलं, पापणी खाली ओढली. घरातल्या जुन्या कापसाहून पिवळं. उजव्या बरगडीखाली हात ठेवला, लाकडासारखं कडक. वहीत तिनंच लिहिलं होतं, तापात कावीळ आली आणि यकृत कडक झालं, तर लक्षण वाईट.

"मामाजी, माझे हात धुवा."

"तुले काय झालं?"

"काही नाही. धुवा तर."

भावसिंगांनी भरपूर रस चोळला. माझ्यातलं पाणी हळदीसारखं झालं.

"मलेही कावीळ हाय का मग?" पुष्पानं विचारलं.

सासऱ्यांनी माझ्यातल्या पाण्याकडे पाहिलं, नंतर पोराकडे. मित्रांनो, त्या वेळी मी कुठे लपणार होते? मग ते उठले. "सुखी, टेम्पोवाल्या गुलाबसिंगले गाडी आणाले सांग. कापसाचं पाहू मंग. आधी पोरगा."

शाम पुसदच्या दवाखान्यातून बावीस दिवसांनी आला, वाळून अर्धा झालेला. दोन दिवस उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या ग्रीकांचं चार रसांचं गणित चुकलं होतं, पण त्यांनी माणसाकडे पाहिलं होतं. आम्ही पाण्याकडे पाहत बसलो.

रविवारी लोक अजून येतात. भावसिंग त्यांना दारात नेतात, पापणी पाहतात आणि पुसदच्या गाडीत बसवून देतात. मी पोरीच्या वरणभाताला आहे. मला घासायचं राहिलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी चार दिवस नीट जेवलं नसेल, उगाच थकून बसत असेल, तर आज त्याला दारात बोलवा. उजेडात त्याचे डोळे पाहा.