चंदाबाईच्या खांद्याखाली

मी एक गाठ बोलतेय. नाव ऐकूनच दचकलात ना? साहजिक आहे. तरी थोडं ऐका.

वैशाखरे गावच्या चंदाबाईच्या पाठीत, उजव्या खांद्याच्या पसरट हाडाखाली मी राहते. माझा नेमका जन्म मला सांगता यायचा नाही. चाळीस वर्षं तिनं भाताचे भारे उचलले, डोंगरातून जळणाची फाटी वाहिली, चिखलात वाकून भातरोपांची आवणी लावली. ते हाड फासळ्यांवर घासत राहिलं आणि त्या घासण्यात मी हळूहळू जमत गेले. कधी दुखले नाही. हात वर जाताना फक्त कट्ट वाजायचं.

यंदा आवणीत शेजारी वाकलेल्या गोदूनं मला पाहिलं. "चंदे, पाठीत लिंबाएवढं काय गो तुझ्या?"

काय नाय म्हणत चंदाबाईनं पदर ओढून घेतला.

त्या घरात गाठ हा शब्द कुणी काढत नव्हतं. चैत्रात तिचा थोरला मुलगा साईनाथ गेला. त्याच्या मांडीत गाठ आली होती. मुका मार असेल म्हणून तो दहा महिने तेल चोळून घेत राहिला. तोवर ती छातीत पसरली. हे सगळं मी चंदाबाईच्या पाठीतून ऐकलं होतं. मी त्याच गाठीच्या जातीची असले तर? माझं मलाच भय वाटू लागलं.

गोदूनं धाकट्या सुयोगच्या कानावर घातलं. त्यानं पायाचा चिखलही धुतला नाही. आईला मोटारसायकलवर बसवलं आणि थेट मुरबाडच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर मनस्वीबाईंनी पाठ तपासली. चंदाबाई मास्तरांपुढं उभी राहावी तशी ताठ, हात मांडीला चिकटवून उभी. अशी उभी राहिली की मी हाडाखाली सरकते. बाईंच्या बोटांना काहीच लागेना. सुयोग चिडला. आपण काय खोटं बोलतोय का, असं जोरात म्हणाला. बाहेर बसलेली माणसं डोकावली.

"वरडू नको रं," चंदाबाई म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "आवणी लावताना दिसते ती."

"मग लावून दाखवा."

चंदाबाई तिथंच फरशीवर वाकली, हातात रोपांची मूठ धरल्यासारखी, आणि रोप खोचावं तसे दोन्ही हात पुढं नेले. मी बाहेर आले. बाईंनी मला नीट चाचपलं. मग डावीकडंही हात फिरवला. तिथं माझी धाकटी बहीण सापडली, सुपारीएवढी.

सुयोग पुढं आला. "पसरली? दादाची पन अशीच पसरली होती."

"पसरली नाही. पाठीतली अशी साधी गाठ बऱ्याचदा जोडीनं येते. दोन्हीकडं आहे म्हणून मला उलट बरं वाटतंय. तरी तुमच्या घरात जे झालंय, त्यामुळं फोटो काढून खात्री करू."

कल्याणला एमआरआय झाला. आठव्या दिवशी बाईंनी फोटो उजेडासमोर धरला. माझ्या अंगात चरबीचे आणि चिवट धाग्यांचे पट्टे होते, एकाआड एक. नाव निघालं इलास्टोफायब्रोमा. क्वचित सापडणारी, पण निरुपद्रवी.

"एवढं मोठं नाव?" चंदाबाई हसली. चैत्रानंतर ती पहिल्यांदा हसली.

सुयोग मात्र हटून बसला, आजच्या आज कापून टाका म्हणून. दुखत नाही तोवर कापायची गरज नाही, बाईंनी समजावलं. मग त्यानं खाली बघत विचारलं, "दादाची येळेवर दाखवली असती तर?"

बाईंनी फोटो खाली ठेवला. "ते आज मला सांगता येणार नाही. दाखवायला हवी होती, एवढं खरं."

चंदाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात पुढं गेला तशी मी बाहेर आले. या वेळी तिनं पदर ओढला नाही.

आता मी मजेत आहे. भाताच्या कापणीत तिच्याबरोबर वर-खाली होते. गोदू तर मला लिंबूबाय म्हणते.

एवढंच सांगते. अंगात कुठं गाठ लागली तर तेल चोळत बसू नका, आणि आधीच रडूही नका. दाखवा. मी कोण, हे बाईंनी बघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.