सदतीस नंबरची गाडी

भागीरथाने मासिकाचा अंक गुडघ्यावर ठेवला आणि तळहाताने दाबून त्याचा बाक मोडला. बोटीतून येणारे हे अंक गुंडाळी करून यायचे आणि सहजासहजी सरळ व्हायला कबूल नसायचे. या वेळी वरचा कागद आधीच कोणीतरी फाडला होता आणि आतल्या एका पानाच्या कोपऱ्यावर काळ्या तेलाचा अंगठा उठला होता. पण गॅरेजात आलेल्या कुठल्याही कागदावर तसा अंगठा असायचाच. तिने लक्ष दिलं नाही.

“वाच ना बेटा,” अयूबचाचा ट्रकच्या मडगार्डखालून बोलला. “तुह्या बाबाच्या हाती सकाळपासून एकच ट्यूब हाय. पंक्चरच सापडून नाई राह्यलं त्याले.”

“सापडलं,” मुखरू म्हणाला. “लय बारीक हाय.”

अयूबचं गॅरेज म्हणजे जटपुरा दरवाजाबाहेर कडुनिंबाखाली चार बल्ल्या आणि वर टिनं. भागीरथाचा बाप मुखरू तिथे पालथ्या पिंपावर बसून असे. तो काही मिस्त्री नव्हता. उन्हाळ्यापर्यंत तो गुणवंतराव ठेकेदाराचा लाकडाचा ट्रक चालवायचा. मोठ्या लढाईत अमेरिकी फौजेने आणलेला आणि जाताना इथेच विकून टाकलेला, हिरव्या रंगाचा, हत्तीच्या कपाळाचा ट्रक. आता तो ट्रक अयूबपुढे उभा होता, अर्धा हिरवा, अर्धा लाल. मुखरू त्याच्याकडे पाठ करून ट्यूबी जोडत होता.

अंकांची गोष्ट वेगळीच होती. बल्लारशाला यंत्रं बसवायला एक अमेरिकी साहेब आला होता. काम झालं, साहेब मायदेशी गेला, पण मोटारींच्या शर्यतींचा त्याचा मासिक अंक पत्ता न बदलता येतच राहिला. गेस्ट हाउसचा खानसामा नवाब हा अयूबचा साळा. साहेबाचं काही वाया जाऊ नये म्हणून तो अंक मेहुण्याच्या गॅरेजात आणून टाकायचा. अंकातली इंग्रजी फक्त भागीरथाला यायची. ती नववीत होती, वर्गात पहिली होती, आणि या दोन्ही गोष्टी ती रस्त्याने चालतानासुद्धा विसरत नसे.

पहिल्यांदा तिने वाचून दाखवलं ते नुसतं मिरवायला. मुखरूच गुंतला. दारं असलेल्या, दिवे असलेल्या मोटारी डोंगरातल्या वळणांवरून पळायच्या, त्याही शर्यती अंकात असायच्या, पण त्यात त्याला गोडी नव्हती. त्याला हव्या त्या एका माणसापुरत्या, चिरुटासारख्या लांबट गाड्या, ज्यांची चारही चाकं बैलगाडीसारखी उघडी. एका गोल मैदानात तेहतीस गाड्या पाचशे मैल पळायच्या आणि सुरुवातीची पट्टी म्हणे विटांची होती.

“म्हंजे बैलायच्या शर्यतीचा शंकरपटच झाला थो,” मुखरू म्हणाला होता. “फक्त बैल पोटात.”

तेव्हापासून चांद्याच्या त्या टिनाखाली अमेरिकेचा शंकरपट सुरू झाला. बातमी चार महिने शिळी असायची, पण इथे ती ताजीच. जिंकलेला गडी दूध पितो, हे ऐकून अयूब दोन दिवस हसला. मुखरूने आपला गडी निवडला तो सदतीस नंबरचा, लाल गाडीवाला. का, ते त्याने सांगितलं नाही. गेल्या शर्यतीत सदतीस नंबर भिंतीवर आदळला, त्याचे दोन्ही हात भाजले. अंकात फोटो होता: बँडेजचे दोन गोळे आणि वर हसरं तोंड.

आणि एकदा, थंडीच्या दिवसांत, भागीरथाने एक चौकट वाचली होती. तिकडचे गडी हिरव्या रंगाच्या गाडीत बसत नाहीत, हिरवा रंग अपशकुनी. मैदानात भुईमुगाच्या शेंगासुद्धा खाऊ देत नाहीत. तेव्हा मुखरू हिरव्या ट्रकच्या पायरीवर बसून शेंगाच खात होता. तो हसला, अयूब हसला, आणि क्लीनर लालसू तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

उन्हाळ्यात केळझरच्या अलीकडच्या उतारावर, सागाचे ओंडके भरलेले असताना, त्या ट्रकचा ब्रेक गेला. अशा वेळी क्लीनरने लाकडी ठोकळा घेऊन उडी मारायची आणि चाकाखाली तो सारायचा, ही सगळ्याच ट्रकांची रीत. “ठोकळा टाक!” असं मुखरूच ओरडला. लालसूने टाकला. ट्रक थांबला, पण थोडा उशिरा.

त्यानंतर मुखरू स्टिअरिंगला शिवला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, “हिरव्या गाडीत नाई बसणार. अमेरिकेतबी कोणी नाई बसत.” भागीरथाला ते ऐकू आलं की ती पुस्तकात तोंड घालायची. ती चौकट तिनेच वाचली होती, आणि फार रंगवून वाचली होती.

अयूबने मग युक्ती काढली. रंगच बदलू. कोणता देऊ? मुखरू म्हणाला, “लाल दे. सदतीस नंबरचा हाय तसा.” गुणवंतरावाने कपाळावर हात मारून घेतला, पण रंगाला हो म्हणाला. त्याची अट एकच. पावसाळ्यात बंद झालेलं जंगलचं काम दसऱ्याला उघडतं. “दसऱ्याले मुखरू बसला तर त्याची गाडी, नाईतर बिरजूची. मले बी पोट हाय बाप्पा.” गाडी बिरजूला गेली की मुखरू चामोर्शीकडे भावाच्या धानाच्या बांधीत जाणार होता. मागोमाग भागीरथाही. तिकडच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती.

रंगाचा पहिला हात फिरू लागला तरी मुखरूचं एकच विचारणं चालू होतं. भाजल्या हातांचा तो गडी पुन्हा गाडीत बसला का?

आणि आज, दसरा चार दिवसांवर असताना, त्या शर्यतीचा अंक आला होता.

“हं,” भागीरथा म्हणाली. “यंदा पाऊस नव्हता. लोक रात्रीपासून येऊन बसले होते. तेहतीस गाड्या...”

“थो बसला का?” मुखरूने विचारलं.

“थांबा ना बाबा, मी तेच वाचून राह्यली.” तिने बोट ओळीवरून सरकवलं. “बसला! सदतीस नंबर बसला! हाताले कातड्याचे मोजे घालून बसला, असं लिवलं हाय.”

“पाह्य!” अयूबने मडगार्डवर थाप मारली. ओला रंग हाताला लागला.

भागीरथाने पान उलटलं. तिचे डोळे पुढे गेले आणि तोंड मागे राहिलं. पानावर फोटो होता. गाडी उलटी होती, चाकं आभाळाकडे, आणि धुरातून तिचा नंबर नीट वाचता येत होता. खालच्या ओळीतलं क्रियापद तिला पाचवीतच भेटलं होतं, वाघाच्या धड्यात. तिथे वाघाने गाय मारली होती.

तिने फोटोवर पालथा हात ठेवला.

“मंग?” मुखरू म्हणाला.

“मंग पळाला.”

“कितवा आला?”

पहिला म्हटलं तर ते खोटं वाटलं असतं. दुसरा म्हटलं तर थोडक्यात कसा हुकला, ते सांगावं लागलं असतं.

“तिसरा,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी टायर गेलं, म्हणून. नाईतर पह्यलाच होता.”

अयूबने ब्रश डब्यात बुडवला होता, तो बाहेर काढायचा राहून गेला. मुखरूने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली. बुडबुडे वर आले, त्याने त्या जागेवर बोट धरलं. एरवी वाचन संपलं की तो फोटो पाहायला उठायचा, आज उठला नाही. भागीरथाला बरंच वाटलं.

“तिसरा म्हंजे चांगलाच की,” तो म्हणाला.

तिने अंक भूमितीच्या पुस्तकात घातला आणि पुस्तक दप्तरात. गॅरेजात ठेवला असता तर चित्र कोणीही पाहिलं असतं. चित्राला कुठे इंग्रजी लागतं?

दसऱ्याला ट्रकला झेंडूची माळ घातली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गुणवंतराव नवं धोतर नेसून आला होता आणि बिरजूही आला होता, कुंपणाला टेकून विडी ओढत. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि सगळे पाहत होते.

मुखरूने अयूबला जवळ बोलावलं. “बॉनेटवर पांढऱ्या रंगाने सदतीस लिहून दे.”

“अरे, गाडीले सरकारी नंबर हाय ना!” गुणवंतराव म्हणाला.

“असू द्या ना मालक. हा वरचा.”

अयूबने एकदा भागीरथाकडे पाहिलं, मग मुखरूकडे. “पक्का ना, मुखरूभाऊ?”

“पक्का.”

अयूबने तीन आणि सात काढले. सात जरासा तिरका आला. आपल्या तोंडून निघालेलं खोटं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं भागीरथाने कधी पाहिलं नव्हतं. मुखरू चढला, बसला, दार ओढून घेतलं. इंजिन खोकलं आणि लागलं. चारही लिंबं फुटली. बिरजूने विडी विझवली आणि तो सायकल घेऊन निघून गेला.

दसऱ्याच्या सुट्टीत आत्याकडे जायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा त्याच ट्रकने निघाली. नवा क्लीनर पुढे मूल गावाला चढणार होता, तोवर त्याची जागा तिची. पायाशी सागाचा ठोकळा होता, जुनाच. तिने पाय वर घेतले. मुखरू दोन्ही हातांनी चाक धरून समोर पाहत होता. चिचपल्ली गेली. जंगल जवळ आलं. तिने बडबड करून पाहिली. शाळा, बाई, आत्याची म्हैस. तो “हं” म्हणत होता आणि प्रत्येक “हं” थोडा उशिरा येत होता.

उताराच्या माथ्यावर त्याने ट्रक बाजूला घेतला आणि बंद केला.

“उतर,” तो म्हणाला.

मोहाच्या झाडाखाली दगडांची रास होती. जंगलात कोणी वाघाने नेला, कोणी झाडाखाली सापडला, कोणी गाडीखाली, की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा. कोणाचा जीव गेला ते ठाऊक असलं नसलं तरी ठेवायचा, आणि मगच पुढे जायचं. लालसूची रास सहा महिन्यांत गुडघ्याएवढी झाली होती. मुखरू ड्रायव्हर म्हणून, वाटसरू म्हणून, कोणत्याच नात्याने आजवर इथे आला नव्हता.

त्याने एक दगड शोधला, राशीवर ठेवला आणि तो हलत नाही ना ते बोटाने पाहिलं. भागीरथाने आपला दगड उचलून हातात धरला. तो मागे सरकेल मग आपण ठेवू, असं तिला वाटलं. पण मुखरू सरकला नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत गेला, खाली वाकला, आणि दुसरा दगड घेऊन आला. तोही त्याने ठेवला, पहिल्याच्या शेजारी.

“दोन काऊन, बाबा?”

मुखरूने हात धोतराला पुसले.

“तिकडं विटाचा रस्ता हाय म्हनलीस ना तू,” तो म्हणाला. “तिथी दगड कुठून भेटन लोकायले?”

भागीरथा हातातल्या दगडाकडे पाहत राहिली. उलट्या गाडीच्या पानाच्या कोपऱ्यावरचा काळा अंगठा तिला आठवला. बोटीतून आलेला नव्हता तो. तिने दगड ठेवला. तो घरंगळला. मुखरूने वाकून त्याला आधाराला दगडाची एक चीप लावून दिली.

दोघं परत ट्रकमध्ये बसली. समोर लाल बॉनेट होतं आणि त्यापुढे उतार. मुखरूने चावी फिरवली, पण लगेच निघाला नाही.

“आता सांग,” तो म्हणाला. “तिसरा खरंच कोन आला?”

तिला ठाऊक नव्हतं. त्या फोटोच्या पुढे तिने वाचलंच नव्हतं. तिने दप्तर मांडीवर ओढलं, भूमितीच्या पुस्तकातून अंक काढला आणि पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. ट्रक उताराला लागला, ओळी एकमेकींत घुसू लागल्या. तिने बोट घट्ट दाबून धरलं.

“अक्षरं हलून राह्यली, बाबा.”

मुखरूने गिअर खाली टाकला आणि तिला ओळ सापडेल इतकी गाडी हळू केली.