पडलेल्या पुलाचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. दुकानात मिळणारा छापील नव्हे. चित्रकलेच्या एका शिक्षकांनी ड्रॉइंगच्या कागदावर हाताने काढलेला. घडीवर फाटू नये म्हणून त्यांनी मला मागून जुन्या चादरीचा तुकडा चिकटवला. तेव्हापासून मी त्यांच्या गाडीच्या खणात राहतो.

दूर डोंगरात एक उंच, सरळ कडा आहे. दोर बांधून तो चढायचा, हे सरांचे वेड. माझ्यावर फक्त तिकडे जायचे दोन रस्ते आहेत. एक घाटातला, दोन तासांचा, पण नुसती वळणेच वळणे. दुसरा धरणाला वळसा घालून जाणारा, सपाट आणि चांगला चार तासांचा.

सरांच्या मित्रमंडळींचा एक शिरस्ता होता. जो मला घेऊन जाईल, त्याने परतल्यावर रस्त्यातला बदल पेन्सिलीने माझ्यावर लिहायचा आणि खाली तारीख टाकायची. 'इथे दरड.' 'पंप बंद.' 'कुत्रा चावरा.' सगळे माझे कौतुक करायचे, आणि मला त्याची चटकही लागली होती.

पण माझ्यावर एक खोटी नोंद आहे. घाटातल्या पुलावर सरांनी लाल पेन्सिलीने फुली मारली आणि लिहिले, 'पूल पडला. धरणावरून जा.' पूल ठणठणीत होता. माझ्यावर विसंबून कित्येकांनी दोन-दोन तास जास्त गाडी हाकली. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

पुढे सगळ्यांच्या हाती फोन आले. पूल शाबूत आहे हे मित्रांना कळले. ते सरांकडे पाहून हसले आणि घाटातून जाऊ लागले. मला कोणी विचारीनासे झाले. सर मात्र दर महिन्याला मला उघडायचे आणि धरणावरूनच जायचे.

गेल्या आठवड्यात सरांची लेक मैत्रिणींबरोबर घाटातून कड्यावर जाऊन आली. घरी येताच तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले आणि खोडरबर काढला. शेजारी तिची आई टबात दोर धूत होती.

"आई, पूल धडधाकट आहे गं. बाबांनी हे काय लिहून ठेवलंय?"

आईने हात पुसले. "मला घाटात गाडी लागते. उलट्या होतात, मग तासभर हात थरथरतात. आणि बाबा चढताना खालून दोर मीच धरते ना? मी म्हटलं, माझ्यापायी खोळंबा नको, दुसऱ्या कुणाला न्या. दुसऱ्याच दिवशी पूल पडला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. कड्याखालच्या दुकानात ब्रेडची गाडी त्याच पुलावरून यायची. पण बोलले असते, तर मलाच घरी बसावं लागलं असतं. मला नव्हतं बसायचं."

लेकीचा रबर फुलीवर टेकलेला होता. माझा जीव टांगणीला लागला. नकाशाने खरेच सांगावे हे मला कळते. तरी ती फुली राहावी, असे मला अगदी मनापासून वाटले.

तेवढ्यात सर आले. आई पुन्हा दोराकडे वळली.

"रविवारी जायचं ना? पूल झाला का हो दुरुस्त?"

सर बूट काढत होते. "नाही अजून. काम रेंगाळलंय."

लेकीने रबर बाजूला ठेवला, पेन्सिल उचलली आणि फुलीखाली आजची तारीख टाकली. "हो बाबा, मी पण बघून आले. पडलेलाच आहे."

मित्रांनो, जुने नकाशे घडीवरच घडी घालून ठेवा, त्यांना ओल लागू देऊ नका. आणि एखादी चूक खोडायची झाली, तर ती कोणासाठी केली आहे, हे आधी घरात विचारा.