पुन्हा पहिला दिवस

अदाया मीठ आणायला खाऱ्या समुद्राकडे उतरला, तो वीस दिवस झाले तरी परतला नाही. तेव्हा त्याची बायको मिल्का मळ्याच्या बांधावर उभी राहून परमेश्वराला नवस बोलून गेली, की तो जिवंत घरी आला तर वर्षभर मी नाजीर, तुला वाहिलेली, राहीन. द्राक्षाची साल तोंडात घालणार नाही, केसाला वस्तरा लावणार नाही, मेलेल्या माणसाजवळ जाणार नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अदाया लंगडत आला. ओठांवर मिठाचे पापुद्रे होते. तिनं त्याला नवस सांगितला. बायकोचा नवस नवऱ्याला मोडता येतो, पण ऐकला त्याच दिवशी. तो गप्प राहिला तर नवस कायम.

"मोडून टाक रे," त्याची आई होग्ला म्हणाली. "द्राक्षमळ्याची सून आणि बेदाणा वर्ज्य! गाव हसेल."

अदाया दिवसभर वेलींतून हिंडला. सूर्य टेकडीमागे गेला, तरी तो काही बोलला नाही.

मग तोडणी आली. बायका कुंडात द्राक्षं तुडवत गात होत्या, आणि त्या गोड वासात मिल्का पाण्याखालून चालावं तशी चालायची. स्वप्नात ती घोसच्या घोस खायची. जाग आली की जीभ चाचपून बघायची. केस खांद्यावरून कमरेपर्यंत आले. होग्ला येताजाता टोमणे मारायची, पण तिच्या वड्यांत बेदाण्याऐवजी अंजीर कधी आलं, ते घरात कुणी बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, घोस रंग धरत असताना, होग्ला भरदुपारी वेलीखाली कोसळली. पुरुष खालच्या टप्प्यावर होते. मिल्केनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"सर बाजूला," होग्ला पुटपुटली. "मी चालले. तुझे बारा दिवस राहिलेत."

"तुम्ही मोजत होतात, सासूबाई?"

"सासू आहे मी. मोजणारच."

मिल्का हलली नाही. वेलींवर गांधीलमाश्या गुणगुणत होत्या. सावली वीतभर सरकली, तेवढ्यात तिच्या हातातला होग्लाचा हात जड झाला, श्वास थांबला.

मेलेल्याच्या स्पर्शानं नवस बाटला, म्हणून सातव्या दिवशी तिनं डोकं भादरलं, आठव्या दिवशी अर्पणाचे दोन पारवे घेऊन याजकाकडे गेली. मागचे सगळे दिवस गळाले, वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असं तो म्हणाला. नियमच तसा होता. मिल्केला तो ठाऊक होता.

परतताना तिनं सोबत आलेल्या अदायाला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

"मिठाच्या वाटेवर दरीत पडलो होतो तेव्हा कुणीतरी माझं नाव घेतंय असं सारखं वाटायचं. घरी आलो, तुझं ऐकलं, आणि कळलं कोण ते. मग मोडायला जीभच रेटेना."

मिल्केनं उघड्या डोक्यावरून हात फिरवला. वारा गार लागत होता, ओळखीचा नव्हता.

"वर्षभर अंजिराच्याच वड्या खाव्या लागतील," ती म्हणाली.

"खाईन," तो म्हणाला.

मळ्यात पोचल्यावर तिनं टोपली उचलली आणि लवकर पिकलेले घोस तोडणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.